सातवा टेक

चुकीच्या वादनाचा एवढा मोठा आणि इतका नीट लावलेला साठा माझ्या बायकोच्या मामांखेरीज साऱ्या पश्चिम उपनगरांत कोणाकडे असेल, असं मला वाटत नाही. मामा जुन्या जॅझचे बॉक्स सेट जमवत. बॉक्स सेट म्हणजे पुठ्ठ्याची जाडजूड पेटी, आत आठ-दहा सीडी आणि लग्नाच्या अल्बमएवढी पुस्तिका. एखाद्या धुनेचा त्या काळी रेकॉर्डवर निघालेला टेक, म्हणजे एका दमात केलेलं ध्वनिमुद्रण, तर त्यात असतोच, पण त्याआधी टाकून दिलेले सगळे टेकही असतात. कुठे ट्रम्पेटवाल्याचा श्वास पुरलेला नसतो, कुठे ड्रमवाल्याने घाई केलेली असते, कुठे कोणी मध्येच खोकलेलं असतं. लोक हे टेक ओलांडून पुढे जातात. मामा पेटी घेत ती त्यांच्यासाठीच. चारकोपच्या त्यांच्या वन-रूम-किचनमध्ये कपड्यांचं कपाट एक होतं आणि पेट्यांची दोन. मामींच्या साड्या पलंगाखालच्या बॅगेत राहत. मामांचं म्हणणं, साडीला बुरशी आली तर उन्हात टाकता येते, सीडीचं तसं नसतं.

ऐकण्याचा विधी ठरलेला होता. रविवारी सकाळी अंघोळ आणि देवपूजा आटोपून मामा जमिनीवर मांडी घालून बसत, पाहुण्यालाही बसवत. मग पुस्तिका उघडून संकल्प सोडल्याच्या सुरात वाचत: अमुक साली, अमुक शहरी, अमुक स्टुडिओत, दुपारच्या वेळी. पुढे वादकांची नावं आणि प्रत्येकाचं वाद्य. मध्ये कोणी बोललं तर संकल्प पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर पहिला टेक, दुसरा, तिसरा, आणि सर्वांत शेवटी जो जमला तो. हा शेवटचा म्हणजे प्रसाद. तो घेतल्याशिवाय उठायचं नाही, आणि उठलात तर पुढच्या खेपेला पहिल्या टेकपासून बसायचं. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा पाण्याच्या टाकीच्या कागदावर सही घ्यायला आले आणि चौथ्या टेकला पळाले. त्यानंतर ते मामांच्या सह्या जिन्यातच गाठून घेत.

मामी या सगळ्यात नसत. त्या ओट्यापाशी उभ्या असत आणि तिथूनच म्हणत, "एकदा धड वाजवूक येणा नाय, त्येचा सात-सात वेळा काय ऐकतास?"

"तुझा पयला घावन तरी कधी तव्यावरसून सुटता काय गो?"

"म्हणान तर पयला तुमच्याच ताटात घालतंय."

मला जॅझ कळत नाही. मी मुलुंडहून महिन्यातून एकदा जात असे, तो मामांसाठी. बायको येत नसे, तिने हे पुण्य लहानपणीच पुरेसं साठवलं होतं. मी सोबत पुस्तक नेत असे आणि ते पिशवीतून बाहेर काढण्याची हिंमत मला कधी झाली नाही. पायाला मुंग्या आल्या की मी मान डोलवी, म्हणजे मांडी बदलता येई. मामांना वाटे, मला लय सापडली. त्यांनी तसं दोन-तीन नातेवाइकांना सांगितलंही होतं.

तरुणपणी मामा गिरणगावातल्या एका भजनी मंडळात पखवाज वाजवत. एका डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या समोरासमोरच्या सामन्यात, त्यांची सम चुकली. बुवांनी भर सभेत मागे वळून पाहिलं. पुढच्या सामन्याला पखवाज दुसऱ्याच्या मांडीवर होता. ही हकीकत मामांनी मला पुस्तिकेतून मान वर न काढता सांगितली, आणि पुढे म्हणाले, "ह्या लोकांचं बरं असतं ना. चुकलं की काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला कोणीतरी म्हणतं, चला, पुन्हा. आमच्या बुवांकडे दुसरा टेक नव्हता." एवढं बोलून त्यांनी बटण दाबलं. मी त्या दिवशी मांडी बदलली नाही.

तरीही दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी सहाव्या टेकनंतर उठलो. धुनेचे टेक सात होते, पण आमच्याकडे दुपारी प्लंबर येणार होता.

"एकच राहिलाय हो. चार मिनिटं."

"पुढच्या रविवारी नक्की येतो, मामा."

"बघा हां, जावईबापू. मग पहिल्यापासून." ते हसले आणि सीडी आत तशीच ठेवून मला दारापर्यंत सोडायला आले.

प्लंबर आला नाही. गुरुवारी मामा दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत.

तेराव्याला घर माणसांनी भरलेलं होतं. निघताना मामी हळूच म्हणाल्या, "तुमचं एक राहिलंय. रविवारी या." मी गेलो. सीडी प्लेअरमध्येच होती, मामींनी कोणाला हात लावू दिला नव्हता. मी खाली बसलो, रिमोट घेतला आणि सातवा टेक शोधू लागलो.

"तसं नाही," मामी म्हणाल्या. "पहिल्यापासून."

त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून त्या स्टुलावर बसल्या. पुस्तिका समोर होती, ती त्यांनी उघडली नाही. पदराला हात पुसले आणि साल, शहर, स्टुडिओ, मग सहाही वादकांची नावं वाद्यांसकट म्हटली, मामांच्याच सुरात. नावांना मालवणी हेल होता. एकही चुकलं नाही. मी ओट्याकडे पाहिलं. तिथून इथलं सगळं ऐकू येत होतं, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

पहिला टेक सुरू झाला. अर्ध्या मिनिटात ट्रम्पेट घसरलं आणि सगळे थांबले. कोणीतरी हसलं, लांबून एक माणूस काहीतरी बोलला.

"चला, पुन्हा म्हणतोय," मामींनी मला सांगितलं.

मी फोन बंद करून पिशवीत ठेवला. अजून सहा टेक बाकी होते.