तहानलेला बैल

घाटंजीत आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीची मदतनीस बाई पोरांशी उभ्याने कधीच बोलत नाही. आधी समोर उकिडवी बसते, पदर खोचते, मग विचारते, "बोल राजा, काय होऊन राह्यलं?" उत्तर यायला कितीही वेळ लागो, तिला घाई नसते.

तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल ओढत मिरवतात. यंदा माझा चार वर्षांचा नातू मिरवता मिरवता अंगणवाडीसमोर रस्त्यातच बसला. "बैलाले तहान लागली." शाळेत शिकवण्यात माझा जन्म गेला. मी समजावलं, लाकडाला तहान लागत नसते. त्याने भोकाड पसरलं.

बाई आली, उकिडवी बसली. बैलाकडे नीट पाहिलं, गिलासभर पाणी आणून त्याच्या तोंडाला लावलं. "बैलाचं झालं. आता मालकानं प्यायचं." नातवाने गिलास घटाघटा रिकामा केला आणि बैल ओढत पळाला.

"तहान कोणाले लागली होती, समजलं का गुरुजी?" ती हसत म्हणाली.

परवा भर उन्हात बाजारातून येताना अंगणवाडीशी थांबलो. म्हटलं, "बाई, माझी सायकल दमली."

तिने आधी सायकल सावलीत लावली, मग मला खुर्ची दिली.