हॅपी-गो-लकी जावई

घरातला पहिला पदवीधर असणं ही बिनपगारी, बिनसुट्टीची नोकरी आहे. औषधाची चिठ्ठी असो की खताची गोणी, इंग्रजी अक्षर दिसलं की नातेवाईक मला हाक मारतात. वणीजवळच्या मामांना तर नाही म्हणताच येत नाही. त्यांच्याच घरी राहून, त्यांच्याच द्राक्षांच्या जिवावर मी बी.ए. झालो.

मामेबहीण कविताला नाशिक रोडचं स्थळ आलं. मुलगा तिला आवडला होता (मोबाइलवरचा फोटो सारखा मोठा करून बघत होती!). बायोडेटात स्वभावापुढे लिहिलं होतं, ‘हॅपी-गो-लकी’.

“भाच्या, म्हंजी काय रं?” मामांनी विचारलं.

‘हसतमुख, बिनधास्त’ एवढं सांगून सुटलो असतो. पण मामांना अर्धवट उत्तर कसं द्यायचं? मी शब्दकोश काढला.

“मामा, मूळ शब्द ‘हॅप’. म्हणजे नशीब, योगायोग. पूर्वी याचा अर्थ ‘दैवावर हवाला ठेवून, कसंही’ असा होता. बिनधास्त हा अर्थ नंतरचा...”

“नंतरचं ऱ्हाऊ दे! दैवावर?” मामा ताडकन उठले. “आरं, एक फवारणी दैवावर सोडली तर बाग जाती! आन् पोरगी सोडू?”

रविवारी पाहुणे आले. पोह्यांचा पहिला घास तोंडात जातोय तोच मामांनी मुलाला विचारलं, “विमा काढला का?”

“अजून नाही.”

“बघा! मूळ अर्थ निघाला!”

“कसला मूळ अर्थ?” मुलाचे वडील म्हणाले.

“आमचा भाचा ग्रॅज्युएट हाय. सांग रं!”

मी सांगितलं. (सविस्तर!) वडिलांनी बशी खाली ठेवली. “माझं पोरगं काय वाऱ्यावर सोडलंय?” ते चपला शोधू लागले.

तेवढ्यात कविता आतून बाहेर आली आणि थेट मुलालाच म्हणाली, “हे तुम्ही लिहिलं?”

“नाही हो! छापणाऱ्यानं टाकलं. म्हणे, सगळ्यांना हेच टाकतो.”

“मग खरा स्वभाव कसा?”

“आत्ता तर लय घाबरलोय.”

कविता हसली. मामा हसले. वडिलांनी बशी पुन्हा उचलली.

लग्न ठरलं. कविताची एकच अट होती, “दादानं मांडवात तोंड उघडायचं नाय.” मामांनी मला बोलावं न लागणारं काम दिलं, पाहुण्यांच्या चपला सांभाळायचं.

लग्नाच्या दिवशी संध्याकाळी व्याही अनवाणी गाडीत बसले.