सोफा हलवायचा राहिला

आत्या जिन्यावरून पडली, असे तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितले आहे. तसे झालेले नाही. शेलूबाजारजवळच्या एका मंगल कार्यालयात, दिवसाढवळ्या, माइकचा लोखंडी स्टँड तिच्या मनगटावर बसला आणि हाड मोडले. तो आवाज मी ऐकला. तुम्ही दोघे आता मोठे आहात. इकडच्या गोष्टी तुम्हाला गोड करून पाठवाव्यात असे मला वाटत नाही, म्हणून मी, तुमची आजी, सगळे क्रमाने लिहिते.

आत्या पुण्याच्या कंपनीत धोरणे आखण्याचे काम करायची, हे तुम्हाला माहीत आहे. वर्षभराची रजा घेऊन ती वाशीमला आली, कारण तिला इथे व्यावसायिक मेळावे आणि परिषदा आखून देण्याचे काम उभे करायचे होते. नाही जमले तर पुण्याला परत जायचे, असे ठरले होते. तिला परत जायचे नव्हते. इथली माणसे मात्र तिला विचारत, "ताई, मंडप, स्पीकर अन् जेवन, यात आखायचं काय असते?"

पहिले मोठे काम मिळाले ते कृषी केंद्रवाल्यांचे, म्हणजे बियाणे आणि खते विकणाऱ्या दुकानदारांच्या संघटनेचे. मागच्या खरिपात बऱ्याच ठिकाणी सोयाबीन उगवले नाही. लोकांचा हंगाम गेला आणि लोक दुकानांवर गेले. काचा फुटल्या, पोती रस्त्यावर फाडली गेली. आसेगावच्या एका दुकानदार बाईंना ओढून बाहेर काढले आणि कोणीतरी शटर खाली खेचले. ते त्यांच्या उजव्या कोपरावर आले. त्या दिवसापासून तो हात पूर्ण सरळ होत नाही.

स्वयंपाकघरात भाजी निवडताना आत्याने मला विचारले, "आई, हा मेळावा संपल्यावर काय बदललेले असायला हवे?"

"लोकांची पोटे भरलेली असावीत," मी म्हटले.

"ते होईलच. पण पेरणीत एकाही दुकानदाराला मार बसायला नको. मेळावा त्यासाठी आहे. जे त्याच्या कामाचे नाही ते काढून टाकायचे."

तिचा विचार मला पटला. आलेल्या बियाण्यातले मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, मोड किती येतात ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर उघडून दाखवायचे, आणि ते पाहिल्याशिवाय कोणीच पोते विकायचे नाही. सगळ्यांनी मिळून एवढे कबूल करायला हवे होते. एकट्याने केले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते.

मग तिने कात्री चालवली. आपल्याकडे असा कार्यक्रम सकाळी सुरू झाला की जेवणापर्यंत शाल आणि नारळच चालतात. तिने दीपप्रज्वलन काढले, सत्कार काढले, व्यासपीठच काढले. त्याऐवजी गोल टेबले, प्रत्येक टेबलाला वेगवेगळ्या गावांचे दुकानदार, आणि सगळ्यांच्या आधी आसेगावच्या बाई बोलणार.

"माणसे रुसतील," मी म्हटले.

"दोन्ही अध्यक्षांना विचारले आहे."

दोन अध्यक्ष कसे, ते सांगते. ही संघटना मधे फुटली होती. पुन्हा जोडली तेव्हा वाशीमच्या गटाचा एक आणि शेलूबाजारच्या गटाचा एक, असे दोघेही अध्यक्षच राहिले. फोन मी ऐकले होते. वाशीमवाले अध्यक्ष म्हणाले, "सत्कार नको, स्टेज नको, झ्याक केलं ताई." शेलूबाजारवाले म्हणाले, "मी तं कवाचा म्हनून राह्यलो, बंद करा ह्या शाली." आत्या खूश झाली. दोघांचा समज असा होता की आत्याने दुसऱ्याचा सत्कार काढला आहे. आपलाही निघाला असेल हे दोघांच्याही मनात आले नाही. आणि स्टेजवर दोघांच्या खुर्च्या सारख्या उंचीच्या, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, एवढ्यावरच ती संघटना टिकून होती, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. सांगायचे कशाला? सगळ्यांना माहीतच होते.

मंगल कार्यालयात सिमेंटचा ओटा होता आणि त्यावर नवरानवरीचा लाल मखमली सोफा. आत्याने तो काढायला सांगितला. व्यवस्थापक म्हणाला, "उद्या लगन हाय ताई. हलवताना पाय निंगला तं मालक मलेच उभा करन त्या पायाच्या जागी."

"असू दे. तिकडे कोणी जाणार नाही," आत्या म्हणाली.

वाशीमवाले अध्यक्ष लवकर आले. गोल टेबलांमधून एक फेरी मारली. कुठे आपले नाव नाही, कुठे वेगळी खुर्ची नाही. मग ते ओट्यावर चढले आणि सोफ्याच्या बरोबर मध्ये जाऊन बसले. आत्या विनंती करायला गेली तर म्हणाले, "गुडघे दुखून राह्यले ताई. चालू द्या तुमचं."

थोड्या वेळाने शेलूबाजारवाले जीपभर माणसे घेऊन आले आणि दारातच थांबले.

"वा," ते मोठ्याने म्हणाले. "नवरदेव तं बसले. नवरी कोठी हाय?"

"ये न," सोफ्यावरून उत्तर आले. वाशीमवाले थोडे सरकले आणि शेजारची गादी थोपटली. "तुह्याचसाठी जागा ठेवली."

हॉल हसला. मीही हसले. ते हसू विरायच्या आत शेलूबाजारवाले ओट्यावर होते आणि वाशीमवाल्यांची कॉलर त्यांच्या मुठीत होती. सोफा मागे कलंडला, त्याचा पाय खरोखरच मोडला, आणि दोघे एकमेकांवर पडले. मग दोन्हीकडची माणसे उठली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आधी फेकल्या गेल्या, त्यांनी फारसे लागत नाही. नंतर एकाने स्टीलचा जग उचलला. तो वाशीमवाल्यांच्या कपाळावर बसला आणि रक्त भुवईवरून डोळ्यात उतरले. शेलूबाजारवाल्यांचा दात ओठातून बाहेर आला होता. ज्यांचे कोणाशी वैर नव्हते तेही मारत होते, कारण त्यांना कोणीतरी मारले होते. एका माणसाला दोघांनी धरले होते आणि तिसरा त्याच्या पोटात गुडघा घालत होता, अगदी शांतपणे, पीठ मळावे तसा. कूलर आडवा झाला, फरशीवर पाणी पसरले, त्यात वायर. व्यवस्थापकाने धावत जाऊन मेन स्विच पाडला. पंखे थांबले आणि नुसते मारल्याचे आवाज राहिले.

आत्या मधे गेली. मी तिला ओरडले, पण ती गेली. ज्याने स्टँड उगारला होता त्याला दुसऱ्या कोणाला मारायचे होते. तिने हात वर केला.

मी तिच्याकडे जाताना एक धिप्पाड माणूस वाट सोडेना, तेव्हा मी ताकाचा भरलेला जग त्याच्या पाठीत घातला. हे तुमच्या बाबांना माहीत नाही. मला त्याचे वाईट वाटत नाही.

आत्याला भिंतीशी बसवून मी तिच्याच ओढणीने तिचा हात गळ्यात बांधत होते, तेवढ्यात आसेगावच्या बाई उठल्या. "मावशी, सरका जरा," म्हणत त्या माझ्या शेजारून ओट्यावर गेल्या आणि मोडक्या सोफ्यावर उभ्या राहिल्या. माइक बंद होता. त्यांनी उजवा हात पुढे केला, जेवढा होतो तेवढा.

"पाहा हा. मागच्या साली लोकायनं हानलं मले. ह्या साली लोकायची गरजच नाही, तुमचं तुमीच उरकून राह्यले."

सगळे थांबले नाहीत. पण जे थांबले त्यांनी बाकीच्यांना धरले.

दोन्ही अध्यक्षांना वाशीमच्या दवाखान्यात न्यायला एकच जीप मोकळी होती. पुढच्या सीटवरून त्यांची पुन्हा जुंपली. ड्रायव्हरने दोघांनाही मागे कोंबले आणि पुढच्या सीटवर स्वतःचा डबा ठेवला.

मी आत्याला म्हटले, "चल, आपणही निघू."

ती घामाने भिजली होती, ओठ पांढरे पडले होते. "आई, आता गेले तर पुण्यालाच जावे लागेल," ती म्हणाली. "बसव मला टेबलाशी."

ज्या खुर्च्यांचे पाय शाबूत होते त्या लोकांनी उचलल्या. फाटक्या शर्टाने, ओठ पुसत, दुकानदार गोल टेबलांभोवती बसले. ज्याने पोटात गुडघा घातला तो आणि ज्याला बसला तो एकाच टेबलावर आले, कारण त्यांची नावे तिथेच लावलेली होती. बोलायला अध्यक्ष नव्हते, म्हणून सगळेच बोलले. जेवणाआधी गोणपाटाची गोष्ट ठरली आणि प्रत्येकाने आपल्या गावाच्या वतीने उभे राहून हो म्हटले. नंतर पोलीस आले. विचारले तेव्हा सगळे म्हणाले, कूलर अंगावर पडला.

त्या पेरणीत एकाच दुकानाची काच फुटली. आसेगावात एक जण मूठ वळूनच आला होता. बाईंनी त्याच्यासमोर गोणपाट उलगडले. त्याने मोड पाहिले, मूठ सोडली आणि म्हणाला, "मंग माह्या वावरातच काहून नाही उगवलं?" दोघे त्यावर तासभर भांडले, पण तोंडानेच.

दोन्ही अध्यक्ष पट्ट्या बांधून आमच्याकडे येऊन गेले, वेगवेगळ्या दिवशी. दोघेही हेच म्हणाले की चूक दुसऱ्याची होती आणि पुढचा मेळावा ताईंनीच करावा. आत्याने दोघांनाही होकार दिला, पण दोन सारख्या खुर्च्या ओट्यावर राहतील आणि त्यांच्यासमोर माइक नसेल, या अटीवर. दुसरे अध्यक्ष येऊन गेले त्याच संध्याकाळी तिने पुण्याच्या कंपनीला कळवले की ती परत येणार नाही. आता कोणी काम घेऊन आले की तिचा पहिला प्रश्न असतो, "तुमच्यात कोणाचे कोणाशी बोलणे बंद आहे?" उद्देश वगैरे ती नंतर विचारते.

तिचे उजवे मनगट वाकडे जुळले आहे आणि कपाचा भार त्याला सोसत नाही. आसेगावच्या बाई वाशीमला माल घ्यायला आल्या की घरी येतात. आत्या त्यांना डाव्या हाताने चहा देते आणि त्या तो डाव्या हाताने घेतात.