मिठाचा प्रश्न

रॉकेलचा वास आला की मी अजून ठाण्यात, नानांच्या छापखान्यात जाऊन उभा राहतो. छपाईचे खिळे आम्ही रॉकेलनेच धुवायचो. मी चौथीत शाळा सोडलेली, घर दूर रत्नागिरीकडे. दोन उन्हाळे बाळकुमच्या मिठागरात राबलेलो. तिथून उचलून नानांनी मला खिळे जुळवायला शिकवलं. हे उपकार विसरण्यासारखे नव्हते.

एका सकाळी कॉलेजचे एक प्राध्यापक मुलांना घरून लिहून आणायचे प्रश्न छापायला घेऊन आले. इतिहास, तर्कशास्त्र, अर्थशास्त्र. मला एकाचंही उत्तर येईना. मग भूगोल आला: ‘पावसाळ्यात मिठाचे उत्पादन का वाढते?’

कागदावर असेल तसंच जुळवायचं, हा छापखान्याचा नियम. तरी माझा हात थांबला.

“साहेब, पावसात मीठ विरघळतं. मिठागरं बंद असतात.”

“कितवी शिकलास रे?”

“चौथी.”

“मग जुळव गुपचूप.”

नोकरी गेली तर घरी काय तोंड दाखवू? पण मी खिळे खाली ठेवले. “मी नाही जुळवणार. दुसऱ्याकडून करून घ्या.”

नाना शांतपणे म्हणाले, “दुसरा कुणी नाहीये, साहेब. आणि मीठ ह्यानं पिकवलंय हो.”

प्राध्यापकांनी ‘पावसाळ्यात’ खोडून ‘उन्हाळ्यात’ लिहिलं.

खरं तर माझ्यामागेच दोघे जण खिळे जुळवत बसलेले. नाना माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलले, हे तेव्हा त्या तावात माझ्या ध्यानातही आलं नाही. पण त्या अख्ख्या कागदावर मला येत असलेला तो एकच प्रश्न होता, आणि तो मी चुकीचा छापू दिला नाही.