काडीसकट झडणारं पान

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. तिथे दर पावसाळ्यात कोणी बडी असामी येऊन रोपटं लावी. रोपटं दिवाळीपर्यंत जाई, पाटी मात्र टिके. त्यामुळे साकोलीत माझ्या शेजारणीच्या अंगणातलं बिनपाटीचं झाड दहा वर्षं जगलं, याचं मला नवल वाटलं नाही.

तिचे यजमान वनरक्षक होते. रोप त्यांनीच कुठूनसं आणून लावलं, आणि नाव न सांगताच ते वारले. आता नागपूरच्या मुलाने मोटार घेतली होती. ती आत यायला फाटक रुंद करायचं, तर झाड आड येत होतं.

"पोरगा म्हणते, जंगली काहीतरी उगवलं, तोडून टाकू," ती म्हणाली. "तुमी सांगा ना जी सर, कायचं झाड आहे? नाव असलं तं मले बोलता येईल."

झाड अजून फुललं नव्हतं, म्हणजे सगळी भिस्त पानावर. मी एक पान तोडून घरी आणलं. कडा सरळ, टोकाशी बारीकशी खाच, काडीवर एकाआड एक. झाडं ओळखायच्या पुस्तकाने मला पायरीपायरीने थेट समुद्रकिनाऱ्यावरच्या एका झाडापाशी नेऊन सोडलं. तेच मी तिला गंभीरपणे सांगितलं.

"आमचे हे समुद्रावर कधी गेलेच नाईत," ती म्हणाली. "बपेऱ्याले नदीकाठी बदली झाली होती, तेवढंच."

होळीचे दिवस होते. बोलता बोलता ती अंगण झाडत होती. "पानं तरी एकेक झडावं का नाई? काडीच्या काडी पडते. केरसुणीत अडकून जीव खाते."

मी वाकून काडी उचलली. खऱ्या पानाच्या बगलेत नव्या कोंबाचा डोळा असतोच. इथे सात पानं, आणि एकाच्याही बगलेत डोळा नाही. डोळा होता तो वर फांदीवर, काडी जिथून गळली तिथे. म्हणजे ही अख्खी काडीच एक पान, आणि मी घरी नेली होती ती त्याची एक पर्णिका. पहिल्या वर्षाच्या मुलांचे या चुकीसाठी मी मार्क कापत आलो होतो.

खोडावर नखभर खरवडलं. लाल चीक आला.

"बिजा आहे, वहिनी. पुस्तकात बिबळा म्हणतात तो; हा लाल चीक त्याची खूण."

तिच्या हातातली केरसुणी थांबली. "अगं माय! आमच्या सानगडीच्या घराची चौकट बिजाचीच आहे. आमचे हे पोराले सांगत, साग साग लोक करतेत, चौकट पाहावी तं बिजाची. लाकूड ओळखतो जी आमी, पान कोण पाहते?"

संध्याकाळी तिने माझ्यासमोरच मुलाला फोन लावला. झाड बिजाचं निघालं, हे सांगितलं. मग त्याने विचारलं, "बाबाने आणला होता?"

फाटक आता झाडाला वळसा घालून तिरपं बसवलंय. मोटार दोनदा मागेपुढे केल्याशिवाय आत येत नाही. दर खेपेला ती ओसरीवरून ओरडते, "हळू रे, साल खरचटन!"