सात मिलिमीटरचा बाक

अशा गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही पुरता बसलेला नाही. मी मोजून बघणारा माणूस. त्यामुळे जे मोजलं, तेवढंच लिहितो...

जाफराबादपासून नऊ किलोमीटरवर आमचं गाव. अण्णा, म्हणजे माझे वडील, एक्याऐंशी वर्षांचे. तीन वर्षांपासून त्यांचं उजवं अंग गेलंय. त्यांना उठवणं, पुसणं, दिवसातून सहा वेळा कूस बदलणं — मी आणि बायको मिळून करतो.

आमच्या घरात दसऱ्याला गावच्या शिवेवर उभं राहून पलीकडे एक बाण सोडायची रीत होती. अण्णांचे मोठे भाऊ ऐन दसऱ्याआधी वारले, तेव्हापासून एक्केचाळीस वर्षं ती बंद. यंदा मात्र अण्णांनी हट्टच धरला — मरायच्या आधी एकदा बाण जाऊ दे.

माळ्यावर जुनं धनुष्य आणि सहा लाकडी बाण निघाले. पिसं किड्यांनी खाल्लेली, पात्यांना गंज, काड्या वाकलेल्या. काडी निखाऱ्यावर शेकायची, हळूहळू दाबायची, मग काचेवर ठेवून मधली फट मोजायची. पाच बाण दोन दिवसांत सरळ झाले. सहावा मात्र... संध्याकाळी शून्य, सकाळी सात मिलिमीटर. बाक एकाच जागी, शेपटापासून अठरा सेंटिमीटरवर. असे अकरा दिवस गेले. सगळे बाण एकाच कपाटात, किल्ली माझ्या खिशात. ओल म्हणावी, तर बाकीचे पाच सरळच होते.

बायको म्हणाली, "अण्णांना उचलताना कंबर धरते म्हणता, आन् काडीसंगं कुस्ती खेळून राह्यले."

बाराव्या दिवशी थकून तो बाण अण्णांच्या डाव्या हातात दिला. सात मिलिमीटरचा बाक काही केल्या जात नाही, म्हणून सांगितलं. त्यांची बोटं काडीवरून फिरत बाकापाशी थांबली.

"हा भाऊचा हाय. त्यानं सोताच्या हातानं केल्ता... समदे हसल्ते त्याला. सरळ काहून करून राह्यला? हाच सोड."

मी तो तसाच वाकडा ठेवला, नवी पिसं बांधली. दसऱ्याला अण्णांना जीपमध्ये बसवून शिवेवर नेलं. धनुष्य मी धरलं, दोरी ओढताना माझ्या बोटांवर त्यांची डावी मूठ होती. बाण शिवेपलीकडे, सोयाबीन काढलेल्या रानात पडला. सत्तावन्न पावलं मोजत जाऊन मी तो उचलून आणला. अण्णा नुसते रडत होते.

घरी आल्यावर सवयीनं बाण काचेवर ठेवला. शून्य. तीनदा मोजला. तीनदा शून्य.

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "व्हता तसा करून ठेव, बाबा. मंग भाऊ वळखू कसा मी?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी, दिवसभराची कामं उरकून, मी तो शेकतो, वाकवतो, सात मिलिमीटरवर आणून ठेवतो. सकाळी शून्य. दोन जुन्या सुतारांना दाखवला, दोघांनीही मान हलवून परत दिला. वाचकांपैकी कुणाला कारण ठाऊक असेल तर जरूर सांगा... फक्त ओलीचं सांगू नका.

सकाळी अंग पुसताना अण्णा विचारतात, "किती हाय?"

उभ्या आयुष्यात मी आकडा कधी खोटा सांगितला नव्हता. "सात," म्हणतो.

तेही बाण हातात मागत नाहीत.