पिस्टन बदलला, इंजिन नव्हे!

मंडळी, आत्ताच पुण्याहून दौंडला परतलोय, आन् आधी तुम्हालाच सांगतोय.

आमची तेलगिरणी इंजिनासकट भाड्यानं दिलेली हाय. यंदा आमच्या खर्चानं इंजिनाचा पिस्टन बदलला. त्यावर आज पुण्याच्या हापिसात इन्कमटॅक्सचे साहेब म्हणाले, "ही नवी मशिनरी झाली. दुरुस्ती म्हणून हा खर्च उत्पन्नातून वजा होणार नाही."

मी पिस्टनचं बिल पुढं केलं, पर साहेब मानेनात. तवा माझ्यासंगं आलेली आई उठली. पिशवीतला झिजलेला पिस्टन तिनं टेबलावर ठेवला.

"साहेब, बैलाला नवे नाल ठोकले, म्हंजी नवा बैल घेतला व्हय?"

साहेब खळखळून हसले. त्यांनी बिल पुन्हा वाचलं आन् सगळा खर्च मंजूर केला.

आई चौथी शिकलेली, मी बी.कॉम. तरी आज जिंकली तीच. तुमच्या घरी असा वकील कोण हाय?